एकाच गाईडमधली चूक

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मी बी.ए., बी.एड. माणूस, विज्ञान हा माझा विषय नव्हे. तरी आज क्वांटम संगणकावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण घडले. मागे एक पालक जाहिरातीचा कागद घेऊन शाळेत आले. 'क्वांटम कोर्स, नोकरीची हमी', आणि फी अशी की दारची म्हैस विकावी लागली असती. "सर, लेकीला यात घालू का?" असे त्यांनी विचारले. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली व वाचायला बसलो. जे हाती लागले ते आपणापुढे ठेवतो.

आपल्या नेहमीच्या संगणकात प्रत्येक खूण 0 असते किंवा 1. क्वांटम संगणकातील क्यूबिट 0 आणि 1 या दोन्ही अवस्था एकत्र धरून राहू शकतो, आणि त्या दोहोंमध्ये एक ताल सांभाळतो. डोळे मिटून मनात सेकंद मोजणाऱ्या मुलासारखाच म्हणा ना. बाहेर ताशा वाजला की त्याची मोजणी चुकते. क्यूबिटचा ताल असा सुटला की त्याचे वैशिष्ट्यच संपते. याला डीकोहिअरन्स म्हणतात. म्हणून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे क्यूबिट उणे 273 अंशांच्या आसपास, अतिशय थंड ठेवतात. या संस्थेने आणि पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने मिळून केलेल्या सहा क्यूबिटांच्या यंत्राची चाचणी 2024 साली पूर्ण झाली. सहाच! वाचून मला हसू आले होते. पुढचे वाचल्यावर ते मावळले.

एकेकट्या क्यूबिटच्या चुकीवर उपाय आहे. तीन मुलांना एकच गणित द्या आणि दोघांचे जुळेल ते उत्तर धरा. प्रत्येक जण शंभरात एकदा चुकत असेल, तर दोघे एकदम चुकण्याचा प्रसंग दहा हजारांत सुमारे तीनदाच येतो. खरी रीत याहून गुंतागुंतीची आहे, पण भिस्त याच हिशेबावर. त्यात एक अट मात्र दडलेली आहे: प्रत्येकाने आपापली चूक करावी! पेपर तपासताना पाच मुलांच्या उत्तरात तोच चुकीचा आकडा दिसला की आम्ही शिक्षक ओळखतो, गाईड एकच आहे. तेथे बहुमताचा काय उपयोग? शंभरात एक ही चूक शंभरात एकच राहते.

क्यूबिटांचे हे सामायिक गाईड म्हणजे त्यांचा परिसर. एकाच चुंबकीय क्षेत्राची थरथर जवळच्या सर्वांना लागते. शिवाय आकाश आहे. विश्वकिरणांपासून निघालेला साधारण एक म्यूऑन कण दर मिनिटाला जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून पार होतो. आपण येथे बसलो आहोत तेव्हाही. असा कण चकतीवर आदळला की त्याची ऊर्जा सगळीकडे पसरते. गूगलच्या शास्त्रज्ञांना 26 क्यूबिटांच्या समूहात असे एकत्रित बिघाड सुमारे दहा सेकंदांनी एकदा होताना दिसले. योगायोग पाहा, टाटा संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांनी 1937 साली हायटलर यांच्यासह याच विश्वकिरणांच्या वर्षावाचे गणित मांडले होते.

हे मी त्या पालकांना सांगत होतो, तेव्हा त्यांची दहावीतली लेक शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "सर, दोन घड्याळं सारखीच पाच मिनिटं पुढं गेली, तर त्यांच्यातला फरक तेवढाच राहील ना?" मला उत्तर आले नाही. आणखी वाचल्यावर कळले, की पोरीने नेमके मर्म धरले होते. एक 0 असताना दुसरा 1, अशी जोडी जमवली तर दोघांना लागलेला सारखा धक्का परस्पर फिटतो. 2001 साली अमेरिकेत बेरिलियमच्या आयनांच्या जोडीवर हे करून दाखविण्यात आले. उलट दोघे 0 किंवा दोघे 1 अशी जोडी असेल, तर धक्क्यांची बेरीज होते आणि ताल एकट्याच्या चौपट वेगाने सुटू शकतो. म्हणजे तोच गोंगाट एका जोडीला तारतो, दुसरीला बुडवतो.

विश्वकिरणांपुढे मात्र ही युक्ती पुरत नाही. तो धक्का घड्याळ पुढे सरकवीत नाही, 1 चा 0 च करून टाकतो. त्यासाठी शिशाची भिंत, जमिनीखालची प्रयोगशाळा, चकतीची निराळी घडण असे प्रयत्न चालू आहेत.

तेव्हा त्या पालकांना मी सांगितले, की हे यंत्र अजून घडते आहे आणि त्याच्या नावावर नोकरीची हमी कोणी देऊ शकत नाही. मुलीला अकरावीला विज्ञानाला घाला, गणित आणि भौतिकशास्त्र पक्के होऊ द्या. आपल्या शेजारी औंढा नागनाथ परिसरात लायगो वेधशाळेला 2023 साली केंद्राची मंजुरी मिळाली आहे. तेथील कामही गोंगाटाशीच झुंजण्याचे. अशा वेधशाळा मुद्दाम दूरदूर बांधतात, म्हणजे एकीजवळून ट्रक गेला तरी दुसरीला त्याची खबर नसते आणि दोघींनी टिपले ते बहुधा आकाशातलेच निघते.

कागदाची घडी करून पालकांनी खिशात ठेवली. म्हैस अजून दारातच आहे. मुलगी मधल्या सुट्टीत नवा प्रश्न घेऊन येते, आणि मला पुन्हा पुस्तक उघडावे लागते.