एका परिचारिकेमागे रुग्ण किती?

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. या दिवशी परिचारिकांच्या त्यागाचा आणि सोशिकतेचा गौरव होतो, पुष्पगुच्छ दिले जातात, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीच्या प्रतिमेला हार घातला जातो. त्या गौरवात खोटे काहीच नाही. मात्र ज्या हातात तो दिवा होता, त्याच हातात मृत्यूंची कोष्टकेही होती, याचा सोयीस्कर विसर पडतो. १८५४ साली ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. क्रिमियाचे युद्ध संपल्यावर त्यांनी सैनिकांच्या मृत्यूंची कारणवार मांडणी केली, रंगीत आकृत्या काढल्या आणि शत्रूच्या शस्त्रांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक माणसे नेली, हे सरकारच्या गळी उतरवले. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. भारतात त्या कधी आल्या नाहीत. तरीही येथील लष्करी छावण्यांच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगासाठी त्यांनी छावणी-छावणीतून माहिती मागवली. १८६३ च्या त्या अहवालात भारतातील ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ नोंदला गेला, आणि छावण्यांतील पाणी, गटारे व बराकी यांकडे राज्यकर्त्यांना लक्ष द्यावे लागले.

आपल्या परंपरेतही शुश्रूषेचा विचार केवळ भावनेवर उभा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी असावयाचे गुणही चारच. त्यांत उपचारांचे ज्ञान पहिले, दक्षता दुसरी, रुग्णाविषयीचा अनुराग तिसरा आणि शुचिता चौथी. आज सत्कार समारंभांत ज्या ममतेचा अखंड घोष होतो, तिचा क्रम चरकाने तिसरा लावला आहे, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

आता ज्या संशोधनामुळे कायदे बदलले, त्याकडे वळू. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकेन या मूळच्या परिचारिका. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास केला. १९९८ व १९९९ या वर्षांतील २,३२,३४२ शस्त्रक्रिया-रुग्णांच्या नोंदी घेतल्या, १०,१८४ परिचारिकांची प्रश्नावलीला आलेली उत्तरे तपासली. निष्कर्ष ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परिचारिकेकडील रुग्णसंख्या एकाने वाढली की, दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. चार रुग्णांच्या जागी आठ आले की वाढ ३१ टक्क्यांवर जाते. त्याच एका जादा रुग्णामुळे परिचारिका कामाने पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते.

असे का व्हावे? शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत उत्तम रुग्णालयातही होते. फरक पडतो तो ती गुंतागुंत केव्हा लक्षात आली यावर. रात्री दोन वाजता शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा श्वास मिनिटाला सोळावरून सव्वीसवर जातो, लघवीच्या पिशवीतील प्रमाण घटते, तो किंचित असंबद्ध बोलू लागतो. यांपैकी कोणतीही गोष्ट ओरडून सांगत नाही. डॉक्टरांची फेरी सकाळची. त्या घटकेला खाटेपाशी असते ती परिचारिका. तिच्याकडे पाच रुग्ण असतील तर ती मिनिटभर उभी राहून श्वास मोजेल. पंचवीस असतील तर तक्त्यावर अंदाजाने ‘१८’ लिहून पुढच्या खाटेकडे वळेल. श्वास न मोजताच आकडा लिहिला जाणे हा जगभरच्या वॉर्डांतील जुना रोग आहे आणि त्याचे मूळ आळसात कमी, अपुऱ्या माणसांत अधिक आहे. गुंतागुंत झालेल्या रुग्णाला वाचविता न येणे हे अपयश या संशोधकांनी स्वतंत्रपणे मोजले. तेही प्रत्येक जादा रुग्णामागे ७ टक्क्यांनीच वाढलेले आढळले.

कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्येच परिचारिका-रुग्ण प्रमाणाचा कायदा संमत केला होता. १ जानेवारी २००४ पासून तो अमलात आला. सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक, अतिदक्षता विभागात दोघांमागे एक परिचारिका. २००५ पासून वॉर्डातील प्रमाण पाचास एक व्हायचे होते. रुग्णालयांच्या संघटनांनी परवडत नसल्याचे कारण पुढे केले. त्या वेळचे राज्यपाल, चित्रपट अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी आणीबाणीचा आदेश काढून पुढचा टप्पा लांबणीवर टाकला. परिचारिका न्यायालयात गेल्या आणि २००५ मध्ये त्यांनी खटला जिंकला. पडद्यावर अजिंक्य ठरलेल्या त्या वीराने अखेर अपीलही मागे घेतले. पाच वर्षांनी, २०१० मध्ये, एकेन यांच्या गटाने शेजारी तुलना मांडली: कॅलिफोर्नियाएवढे प्रमाण राखले असते तर न्यू जर्सीत शस्त्रक्रिया-रुग्णांचे मृत्यू १३.९ टक्क्यांनी आणि पेनसिल्व्हेनियात १०.६ टक्क्यांनी कमी झाले असते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. ज्या रुग्णालयात परिचारिका पुरेशा, तेथे बहुधा यंत्रेही चांगली आणि डॉक्टरही. मग श्रेय कोणाचे? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडने याचे बऱ्यापैकी उत्तर दिले. तेथे जुलै २०१६ पासून २७ सरकारी रुग्णालयांत दिवसा चार रुग्णांमागे व रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका असे बंधन आले. कायदा लागू न झालेल्या २८ रुग्णालयांशी त्यांची आधीची व नंतरची तुलना करण्यात आली. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासाने १४५ मृत्यू टळल्याचा अंदाज दिला. वाढीव नेमणुकांवर जो खर्च झाला, त्याच्या दुपटीहून अधिक खर्च रुग्ण लवकर घरी गेल्याने आणि पुन्हा दाखल करावे न लागल्याने वाचला. परवडत नाही म्हणणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य वाचावा.

आणि आपल्याकडे? १९४६ च्या भोर समितीने देशात ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदविले होते. तेव्हापासून आपण पुष्कळ पुढे आलो, यात शंका नाही. परंतु आपल्या निकषांची भाषा नीट वाचली पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेच्या वर्षानुवर्षे वापरात राहिलेल्या निकषांत अध्यापन रुग्णालयाच्या वॉर्डासाठी तीन खाटांमागे एक परिचारिका आणि रजेसाठी ३० टक्के राखीव जागा, असे म्हटले आहे. ऐकणाऱ्याला वाटते, आपण कॅलिफोर्नियाच्याही पुढे! तसे नाही. हे प्रमाण चोवीस तासांचे आहे. तीन पाळ्यांत विभागले की प्रत्यक्ष पाळीत एका परिचारिकेकडे नऊ खाटा येतात. कॅलिफोर्नियातील पाचाचे प्रमाण मात्र कोणत्याही क्षणी पाळावयाचे असते. शिवाय आपला निकष खाटा मोजतो आणि आपल्या सरकारी वॉर्डांत रुग्ण खाटांवर मावत नाहीत. जमिनीवर गादी घालून झोपलेला रुग्ण कोणत्याच निकषात बसत नाही. मंजूर पदे रिकामी असतात ती वेगळीच.

आपल्या वॉर्डाचे आणखी एक वैशिष्ट्य पाश्चात्त्य संशोधनाच्या चौकटीत मावत नाही. रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, सलाईन संपत आल्याचे सांगणे ही कामे येथे नातेवाईक करतात. कुटुंबाचा हा आधार मोलाचा आहे. पण व्यवस्थेने तो गृहीत धरला की, ज्याच्यापाशी कोणी नाही अशा रुग्णाचे काय होते, हे कोणी मोजलेले दिसत नाही. म्हणूनच पेनसिल्व्हेनियाचे ७ टक्के जसेच्या तसे येथे चिकटविता येणार नाहीत. आपला आकडा आपल्यालाच काढावा लागेल.

तो काढायचा कोणी? परिचर्येच्या पदव्युत्तर विद्यार्थिनी दरवर्षी प्रबंध लिहितात. त्यांतील पुष्कळांचा साचा एकच: एखाद्या विषयावरील ज्ञान तपासायचे, शिकवणी द्यायची, पुन्हा तपासायचे आणि ज्ञान वाढल्याचा निष्कर्ष काढायचा. शिकविल्यावर ज्ञान वाढते, यासाठी प्रबंधाची गरज नव्हती. त्यात दोष विद्यार्थिनींचा म्हणता येत नाही. वर्षभराची मुदत, निधी शून्य आणि मृत्यूंच्या नोंदी मागितल्या की रुग्णालय प्रशासनाच्या कपाळावर पडणारी आठी, या तिन्हींतून वाट काढणारा विषय तोच उरतो.

धोरणाची दारे मात्र अगदीच बंद नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न समितीकडे सोपविला आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांतही किमान २० हजार रुपये वेतन असावे, अशी शिफारस तिने केली. २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला. अशा आयोगाकडे पाळीनिहाय प्रमाणाची मागणी करताना हाती काय असेल? सुदैवाने कच्चा माल तयार आहे. पाळी बदलताना वॉर्डात सेन्सस लिहिला जातो: किती रुग्ण होते, किती आले, किती गेले, किती दगावले. त्या पाळीला कामावर कोण होते हे ड्युटीच्या तक्त्यात असते. जिल्हा रुग्णालयाच्या वर्षभराच्या या दोन नोंदी समोरासमोर ठेवल्या तर रात्रपाळीत एका परिचारिकेकडे खरोखर किती माणसे होती, याचे उत्तर तारखेनिशी मिळेल. त्यासाठी परदेशी निधी लागत नाही. अधीक्षकांची लेखी परवानगी, एक मार्गदर्शक प्राध्यापिका आणि हिशेब जाणणाऱ्या दोन विद्यार्थिनी एवढ्यावर हे काम या वर्षीच सुरू करता येईल, आणि रुग्णालयाच्या त्या जुन्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी ते सुरू व्हायला हवे.