चुरगळलेल्या पानाचा वास

सुगंध म्हटला कीं आपलें मन प्रथम फुलांकडे धांवतें. मोगरा, जाई, निशिगंध हीं नांवें कोणीही चटकन् सांगेल. पानांच्या वासाचें मात्र आपणांस सहसा स्मरण होत नाहीं. वस्तुतः गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींत तुळस असते, मरवा असतो. चैत्रांत जोतिबाला दवणा वाहतात. आणि उन्हाळा लागला कीं सबजा सरबतांत भिजूं लागतो. यांतला दवणा शेवंतीच्या गणगोतांतला. तो सोडला तर बाकीचीं सारीं एकाच कुळांतलीं भावंडें आहेत. ओळख सोपी आहे. देठ दोन बोटांत धरून फिरवावा, तो चौकोनी लागतो. पानें समोरासमोर जोडीनें येतात आणि फुलाला दोन ओठ असतात. याच कुळांतील एका परदेशस्थ शाखेविषयीं मी आज बोलणार आहें.

तिचें नांव साल्व्हिया, इंग्रजींत सेज. सार्वजनिक बागांतून हिवाळ्यांत लाल तुऱ्यांचे वाफे दिसतात, तो साल्व्हिया आपण सर्वांनीं पाहिला आहे. तो मूळचा ब्राझीलचा. दिसावयास भपकेदार, पण पान चुरगळलें तर नाकास फारसें कांहीं कळत नाहीं. पुष्कळांची या घराण्याशीं ओळख तेथेंच संपते, हें दुर्दैव होय. कारण जगांत याच्या सुमारें एक हजार जाती आहेत आणि त्यांतल्या अनेकांचा वास निराळा. बाजारांत हल्लीं मिळणारें चियाचें बीं हें मेक्सिकोच्या एका साल्व्हियाचेंच. पाण्यांत तें सबज्यासारखें फुगतें म्हणून लोक दोहोंची गल्लत करतात, पण सबजा हा तुळशीचा सख्खा भाऊ. रोझमेरीलाही २०१७ सालीं शास्त्रज्ञांनीं साल्व्हियाच्या गणांत आणून बसविलें.

पानाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म केसांसारख्या ग्रंथी असतात व त्यांत सुगंधी तेल साठतें. पान चोळलें कीं त्या फुटतात. फुलाप्रमाणें हा वास आपण होऊन आपल्याकडे चालत येत नाहीं. आपणच हात पुढें करावा लागतो. साध्या सेजचा वास कापूर आणि निलगिरी यांच्या मधला, किंचित् कडवट. मायक्रोफायला नांवाच्या जातीच्या पानांस काळ्या मनुकेसारख्या दिसणाऱ्या एका विलायती फळाचा वास येतो. तें फळ मीं पाहिलेलें नाहीं. पण आइस्क्रीमच्या दुकानांत ब्लॅककरंट म्हणून जें जांभळें मिळतें, तें नातवंडांच्या कृपेनें चाखलेलें आहे. आणि एलिगन्स नांवाची मेक्सिकोकडची जात तर हुबेहूब अननसासारखी दरवळते.

या अननसी सेजची एक फांदी माझ्या मेहुण्यांनीं दौंडाहून आणून दिली. आमच्या शिरुरास, ज्यास जुनीं माणसें अजून घोडनदीच म्हणतात, पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक. दौंडाचीही तीच गत. पण मेहुण्यांच्या अंगणांत भीमाकांठची चिकट काळी माती. आषाढांत सरी लागून राहिल्या तेव्हां त्यांचें मूळ झाड आठ दिवसांत कुजून गेलें. मीं माझी फांदी कुंडींत लावली होती. तळाशीं विटांचे तुकडे, वर मुरूम, वाळू आणि थोडें जुनें शेणखत. तें झाड जगलें व पुढच्या कार्तिकांत मेहुण्यांना त्यांच्याच झाडाची फांदी मीं परत पोंचविली. सेजला तहान सोसते, पण ओले पाय सोसत नाहींत. पाऊस सरल्यावर, आश्विनाच्या सुमारास, कोंवळ्या शेंड्याची बोटभर फांदी तोडून खालचीं पानें काढावीं आणि वाळूंत खोंचावी. तीन आठवड्यांत मुळें फुटतात. चैत्र-वैशाखांत दुपारची सावली हवीच. खत फार घालूं नये. झाड माजतें आणि वास पातळ होतो.

आतां जें सांगावयाचें त्याकडे वळतों. सन २०२१ च्या उन्हाळ्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेंत मी आजारी पडलों. जीव वांचला, वास गेला. एके सकाळीं दूध उतूं जाऊन पातेलें करपलें आणि मी शेजारीं वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. सौभाग्यवती परसांतून धांवत आली तेव्हां मला धूर दिसला. गॅस गळला असता तर काय, हा विचार त्या रात्रीं झोंप येऊं देईना. बागेंत जावेंसेंही वाटेना. कुंड्यांतील तीं सारीं पानें मला एकसारखींच झालीं होतीं.

डॉक्टरांनीं एक उपाय सुचविला. जर्मनींतील ड्रेस्डेन येथील हुमेल नांवाच्या संशोधकानें २००९ सालीं तो प्रसिद्ध केला होता: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास दिवसांतून दोनदां, मन लावून हुंगावे, असें बारा आठवडे. सर्वांना गुण येतोच असें नाहीं, हेंही त्यांनीं स्पष्ट सांगितलें. मीं विचार केला, लवंगेंतील जो सुगंधी अंश, तो तुळशींतही आहे. निलगिरींतला सेज व रोझमेरी यांत आहे. मग बाटल्या कशास? रोज सकाळ-संध्याकाळ मी डोळे मिटून ओट्यावर बसत असें आणि सौभाग्यवती एकेक पान चुरगळून नाकापाशीं धरीत असे. ओळखा म्हणे. चाळीस वर्षें मुलांची परीक्षा घेतली. त्याचा सूड तिनें पुरेपूर घेतला.

पांचव्या आठवड्यांत एकदां नाकांत थंडगार असें कांहीं शिरलें. वास नव्हे, नुसता गारवा. तें सेजचें पान होतें. तुळस दिवाळीनंतर परतली. लिंबू त्याही पुढें. मधल्या काळांत कांदा आणि कॉफी यांना कुजल्याचा वास येई व मी जेवतांना ताट दूर सारीत असें, याचा घरांतल्यांनीं राग मानिला नाहीं, हे त्यांचे उपकार.

अननसी सेज दिवस लहान होऊं लागल्यावाचून फुलत नाहीं. सध्यां माझ्या झाडाला लाल नळीसारखीं फुलें लागलीं आहेत आणि शिंजीर पक्ष्याची जोडी सकाळीं दोन घटका तेथेंच असते. पान चोळलें तर मला अजून भिजलेल्या तागाच्या गोणीसारखा वास येतो. शेजारचीं मुलें मात्र अननस, अननस म्हणून ओरडतात. मी रोज एक पान तोडून पाहतों.