आर्मस्ट्राँगचा ‘अ’



२१ जुलै १९६९. आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजत आले होते. नील आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाऊल ठेवलं आणि त्याचं वाक्य पृथ्वीवर ऐकू आलं : ‘दॅट्स वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड.’ जगानं ते असंच ऐकलं. आर्मस्ट्राँग मात्र पुढे सांगत राहिला, की मी ‘फॉर अ मॅन’ म्हणालो होतो.

त्या एवढ्याशा ‘अ’वर वाक्याचा सगळा अर्थ उभा आहे. नुसतं ‘मॅन’ म्हटलं की इथे अवघी मानवजात आली. मग मानवजातीचं लहान पाऊल आणि मानवजातीचीच मोठी झेप, असं काहीतरी होऊन बसतं. ‘अ मॅन’ म्हटलं की शिडीवरून उतरणारा तो एकटा माणूस दिसतो, आणि त्याच्यामागे आपण सगळे. आपल्यालाही हे परकं नाही. ‘माणूस चंद्रावर पोचला’ आणि ‘एक माणूस चंद्रावर पोचला’, या दोन बातम्या वेगळ्या.

हा ‘अ’ मुळात ‘एक’च. जुन्या इंग्रजीत एक या अर्थाचा ‘आन’ होता. तो झिजून ‘ॲन’ झाला, आणि व्यंजनापुढे त्याचा ‘न’ही गळला. म्हणजे ‘ॲन ॲपल’मध्ये ‘न’ नव्यानं जोडलेला नाही, तिथे तो टिकून राहिला आहे. टिकला तोही उच्चारामुळे, स्पेलिंगमुळे नव्हे : ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

रोजच्या बोलण्यातही हा ‘अ’ अर्थ फिरवतो. ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स’ म्हणणारा एकटेपणाची खंत सांगतो. ‘अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणणाऱ्याला चार मित्र आहेत. मुलांच्या वहीत ‘अ’ राहिला की आपण लाल खूण करून पुढे जातो. त्यापेक्षा ही दोन वाक्यं त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणून घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

मग आर्मस्ट्राँगचा ‘अ’ गेला कुठे? २००६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञानं ध्वनिलहरी तपासून तो सापडल्याचं जाहीर केलं. ते सगळ्यांना पटलं नाही. आर्मस्ट्राँग ओहायोचा. तिकडच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं पुढे संशोधकांनी तपासली, तेव्हा भराभर बोलताना ‘फॉर अ’ आणि ‘फॉर’ पुष्कळदा सारखेच ऐकू येतात, असं आढळलं. मला हे कारण अधिक पटतं. छापताना तो ‘अ’ कंसात घालावा, असं खुद्द आर्मस्ट्राँगनंच सुचवलं होतं. पुष्कळ ठिकाणी तो तसाच छापतात.