प्रयोगशाळेतील बेडूक आणि संगणकाचा पडदा



भगवान महावीरांच्या समवसरणाकडे भक्तिभावाने निघालेला बेडूक राजा श्रेणिकाच्या लवाजम्यात चिरडला गेला आणि देवगतीस पोहोचला, ही कथा पाठशाळेतील बालकांस ठाऊक असते. तेच बालक पुढे महाविद्यालयात प्राणिशास्त्र घेई, तेव्हा त्याच्यासमोर मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी जखडलेला बेडूक येई. क्लोरोफॉर्मने निश्चेष्ट केलेल्या त्या जीवाचे उदर उघडावे, आकृती काढावी आणि गुण मिळवावेत, असा शिरस्ता होता. श्रद्धा की शिक्षण, असा तो पेच असे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१४ साली पदवी व पदव्युत्तर अध्यापनातील प्राणिविच्छेदन बंद करण्यास सांगितले. त्याची जागा संगणकाने घेतली. पडद्यावर बेडकाची त्वचा, स्नायू, अवयव एकेक थराने दूर करता येतात. त्याच्या हृदयाचे तीन कप्पे आणि त्यांतून वाहणारे रक्त चलच्चित्राने दिसते. मृत देहात हे अभिसरण कधीच दिसत नव्हते. चूक झाली तर पुन्हा आरंभ करता येतो. त्यासाठी दुसरा जीव लागत नाही.

तथापि, एक उणीव मान्य केली पाहिजे. कापडाचा रंग चित्रात दिसतो, पोत मात्र हातालाच कळतो. पडद्यावरचा बेडूक प्रत्येक वेळी तोच असतो. निसर्गातील दोन बेडूक कधीही सारखे नसतात. ही उणीव सुरीने नव्हे, तर निरीक्षणाने भरून काढावी. आजऱ्याच्या विद्यार्थ्यास त्यासाठी दूर जावे लागत नाही. गावाजवळून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते. तेथील एका भेकाची स्वतंत्र जात म्हणून २००९ साली नोंद झाली. त्याच उगमस्थानी सापडलेल्या माशाला २०२० साली नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ साली ते स्थान जैविक वारसा स्थळ घोषित झाले. पावसाळी रात्री भाताच्या खाचरांत प्रत्येक जातीचा नर निराळ्या स्वरात साद घालतो. तो आवाज मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून जात ओळखता येते. २००८ साली सुरू झालेल्या इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर सामान्य माणूसही आपली निरीक्षणे नोंदवू शकतो.

सज्जनहो, केवळ न मारणे ही अहिंसेची पहिली पायरी होय. जीवाला जाणून त्याचे रक्षण करणे ही पुढची. मात्र ही साधने फुकट मिळत नाहीत. ज्या विद्यार्थ्याच्या घरी संगणक नाही, त्याच्या वाट्याला केवळ पाठांतर येते. पूर्वी समाजाने दानातून पाठशाळा आणि ग्रंथालये उभी केली. आज त्याच ज्ञानदानात एका संगणकाची भर पडली, तर विद्यार्थी शिकेल आणि बेडूकही जगेल.

जय जिनेंद्र!