डॉक्टरांचा पैसा : कमाई आणि शिल्लक

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेली तीस वर्षं मी डॉक्टरांचे हिशेब बघतोय, म्हणून कमिटीनं हा विषय माझ्या गळ्यात घातला. आपल्या तीन विंगमध्ये मिळून सात डॉक्टर आहेत. त्यातले चार आत्ता पेशंट तपासतायत, तिघं समोर बसलेत. बाकीच्यांनी कंटाळू नये. ज्यांची मुलं ‘नीट’ची तयारी करतायत त्यांनी तर मुळीच नाही.

डॉक्टर म्हणजे पैसा, असा आपला समज. कमाई असते, नाही म्हणत नाही. पण ती सुरू केव्हा होते ते बघा. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग एमडी किंवा एमएसची तीन, सुपरस्पेशालिटी केली तर आणखी तीन. मध्ये प्रवेश परीक्षेची तयारी आणि सरकारी सेवेचा बाँड. बत्तिशी आली तेव्हा कुठे हातात धड पैसे येतात. बरोबरीचा इंजिनिअर मित्र बाविसाव्या वर्षी पगार घ्यायला लागलेला असतो.

या दहा वर्षांची किंमत किती? दरमहा 10 हजार बाजूला टाकले आणि 8 टक्के परतावा धरला, तर बाविसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याचे साठाव्या वर्षी साधारण 2 कोटी 95 लाख होतात. बत्तिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याचे सव्वा कोटी. भरलेल्या पैशात फरक फक्त 12 लाखांचा! म्हणून डॉक्टरला पहिल्या कमाईपासूनच जास्त टाकावे लागतात. आणि नेमकं तेव्हाच गाडी, मोठा फ्लॅट, क्लिनिकचं इंटिरिअर हे सगळं एकदम येतं. दहा वर्षं मन मारलेलं असतं हो, मी त्यांना नावं ठेवत नाही.

दुसरी गोष्ट, क्लिनिकचा गल्ला आणि घरचा खिसा वेगळा पाहिजे. क्लिनिकचं खातं वेगळं ठेवा आणि त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम ‘पगार’ म्हणून घरी आणा. हे केल्याशिवाय आपण कमावतो किती हे मोठ्या मोठ्या सर्जननाही सांगता येत नाही, हे मी पाहिलंय.

आता जरा जड विषय. माझे एक क्लाएंट होते, भूलतज्ज्ञ. भागीदारीत छोटं हॉस्पिटल काढलं, मशिनरीच्या कर्जाला स्वतःची वैयक्तिक हमी दिली. सेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. विम्याच्या नऊ पॉलिसी निघाल्या, सगळ्या मनीबॅक नाहीतर एंडोमेंट. हप्ते भरपूर, आणि सगळ्यांचं मिळून कव्हर कर्जाच्या निम्मंही नाही. डॉक्टरांच्या ओपीडीत एमआरच्या मागोमाग विमा एजंट बसलेला असतो, त्याचं हे फळ. वहिनींनी शेवटी राहतं घर विकलं.

ते घर वाचलं असतं. साधी टर्म पॉलिसी, कर्ज अधिक दहा-पंधरा वर्षांचा घरखर्च एवढ्या रकमेची, आणि ती 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलेली. विवाहित पुरुषानं बायको-मुलांच्या नावे अशी पॉलिसी केली की ते पैसे त्यांचेच. देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच फॉर्ममध्ये लिहावं लागतं, मागाहून होत नाही. पीपीएफचंही तसंच. कर्जवसुलीसाठी कोर्टाच्या हुकमानंही तो जप्त होत नाही. वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, पण सध्याच्या 7.1 टक्क्यांनी दरवर्षी पूर्ण भरले तर पंधरा वर्षांत साधारण 40 लाख होतात. डॉक्टर मंडळी हसतात, एवढ्याशा रकमेनं काय होणार म्हणून. माझ्या मते तो पहिला भरावा.

देणेकऱ्यांचं एवढं का सांगतोय? कारण 1995 मध्ये सुप्रीम कोर्टानं व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून प्रोफेशनल इंडेम्निटी विमा ही चैन राहिलेली नाही. कोणी म्हणतं, माझे पेशंट तसे नाहीत. नसतीलही. त्यांचे नातेवाईक?

शेअर, म्युच्युअल फंड यावर आज बोलत नाही, प्रश्नोत्तरांत विचारा. एकच सांगतो, जो धंदा आपल्याला समजत नाही आणि जिथे मित्र ‘डॉक्टर, तुम्ही फक्त पैसे घाला’ म्हणतो, तिथे घालू नका.

आणि हे डॉक्टर नसलेल्यांनाही : फ्लॅटला नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीनं सांभाळणारा विश्वस्त. घर कोणाला जावं हे ठरवायला मृत्युपत्रच लागतं. सेक्रेटरी सांगतात, आपल्याकडे बऱ्याच सभासदांचे नॉमिनेशनच नाही, पंचवीस वर्षांत! येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी याच हॉलमध्ये फॉर्म घेऊन बसतोय. फॉर्मच्या तीन प्रती लागतात आणि दोन साक्षीदार. शेअर सर्टिफिकेट घेऊन या. साक्षीदार इथेच मिळतील, चहा सेक्रेटरींकडून.