चूकभूल देणें घेणें

जुन्या व्यापाऱ्यांच्या बिलाच्या तळाशीं चार अक्षरें हटकून लिहिलेलीं असत : "चू. भू. दे. घे." जमाखर्च हा माणसाच्या हातचा; त्यांत एखादी रक्कम दोनदां चढली किंवा एखादी लिहावयाची राहून गेली, तर मागाहून ती दुरुस्त करण्याचा हक्क उभय पक्षांनीं राखून ठेविला आहे, एवढाच त्या चार अक्षरांचा अर्थ. देवघेव करणारे दोघे तोलामोलाचे असले म्हणजे ही रीत फार सोईची असते. सराफानें चुकून पांच रुपये अधिक दिले, गिऱ्हाइकानें ते परत आणून दिले, प्रकरण मिटलें. परंतु देणारें सरकार असेल, घेणारी दोन मुलांची आई असेल, चूक सरकारी कारकुनाची असेल, आणि ती उघडकीस येईपर्यंत तें द्रव्य घरभाड्यांत व मुलांच्या अन्नवस्त्रांत खर्च होऊन गेलें असेल, तर मग काय करावें? चूक एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला, हा न्याय म्हणावा काय? ब्रिटनमध्यें २००३ पासून पुढील वीस-बावीस वर्षांत हा प्रश्न लाखों कुटुंबांपुढें उभा राहिला. त्याची हकीकत कोणत्याही देशांतील नागरिकाला विचार करावयास लावील अशी आहे.

१९९७ पासून ब्रिटनचे अर्थमंत्री असलेले गॉर्डन ब्राउन यांच्या कारकीर्दींत २००२ सालीं टॅक्स क्रेडिट्स ॲक्ट मंजूर झाला, आणि एप्रिल २००३ पासून दोन प्रकारचीं साहाय्यें सुरू झालीं : मुलें असलेल्या कुटुंबांना चाइल्ड टॅक्स क्रेडिट व अल्प मिळकतीच्या कामकरी लोकांना वर्किंग टॅक्स क्रेडिट. नांवांत कर हा शब्द असला तरी कर भरणाऱ्यालाच तें मिळे असें नव्हतें. सरकारी तिजोरींतून कुटुंबाच्या बँकेच्या खात्यांत दर आठवड्यास किंवा दर चार आठवड्यांस रोख रक्कम जमा होई. हेतु स्तुत्य होता. काम करणाऱ्या माणसाला आपल्या मुलांना पोसतां यावें, आणि साहाय्य घेण्यांत कमीपणा वाटूं नये, म्हणून हें काम साहाय्य खात्याकडे न सोंपवितां करखात्याकडे सोंपविलें होतें.

परंतु खरी मेख येथेंच होती. करखात्याचा हिशेब वर्षाचा, आणि गरिबाचा संसार आठवड्याचा. ६ एप्रिल ते पुढील ५ एप्रिल हें करवर्ष. वर्षाच्या आरंभीं खातें मागील मिळकतीवरून अंदाजानें रक्कम ठरवी, वर्षभर ती देत राही, आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष मिळकत पाहून हिशेब पुरा करी. दरम्यान पगार वाढला, नवरा-बायको विभक्त झालीं, मूल पाळणाघरांतून काढलें, कामाचे तास कमी झाले, तर हिशेब बदले. कमी दिलें गेलें असेल तर बाकी मिळे. अधिक दिलें गेलें असेल तर तें कर्ज म्हणून अंगावर येई. ज्यांच्या मिळकतींत दर महिन्यास चढउतार होतो, अशाच लोकांसाठीं ही योजना होती. म्हणून अधिक भरणा हा तिच्या रचनेंतच होता.

पहिल्याच वर्षीं, म्हणजे २००३-०४ सालीं, सुमारें १९ लक्ष कुटुंबांना मिळून सुमारें २२० कोटी पौंड अधिक दिले गेले. त्यांत मिळकत वाढल्यामुळें झालेला भाग मोठा होता. पण नव्या गणकयंत्रव्यवस्थेंतील दोष आणि खात्याच्या हातून झालेल्या चुका यांचा वांटाही होता. ही यंत्रव्यवस्था पुरविणाऱ्या ई. डी. एस. या कंपनीनें २००५ सालीं भरपाईदाखल ७ कोटी १२ लक्ष ५० हजार पौंड देण्याचें कबूल केलें. त्यांतील कांहीं भाग तर कंपनीला पुढें मिळणाऱ्या सरकारी कामांवर अवलंबून ठेविला होता. कंपनीशीं तडजोड झाली. पण ज्या कुटुंबांच्या नांवें कर्ज निघालें होतें त्यांचें काय?

एक उदाहरण घेऊं. समजा, एका बाईला आठवड्यास ६० पौंड मिळावयास हवेत. मुलाचें पाळणाघर बंद केल्याचें तिनें खात्याला दूरध्वनीनें कळविलें. कारकुनानें तें नोंदविलें नाहीं, आणि ९० पौंड येतच राहिले. चाळीस आठवड्यांनीं चूक सांपडली. आठवड्यास ३० याप्रमाणें १,२०० पौंडांचें कर्ज तिच्या नांवें लागलें. बाईनें लबाडी केली नाहीं, कांहीं लपविलें नाहीं. उलट कळवावयाचें तें कळविलें. प्रारंभीच्या वर्षांत अशा वेळीं चालू वर्षांतील अधिक भरणा त्याच वर्षांत फेडून घेण्यासाठीं हप्ता एकदम उतरविला जाई, कधीं कधीं बंदच होई. पुढें वसुलीला मर्यादा घातल्या : पूर्ण साहाय्य मिळणाऱ्यांच्या हप्त्यांतून दहा टक्के, इतर बहुतेकांच्या हप्त्यांतून पंचवीस टक्के. तरीही गेल्या वर्षीं खाल्लेल्या भाकरीचें मोल यंदाच्या भाकरींतून कापून द्यावयाचें, ही अवस्था कांहीं टळली नाहीं.

यावर कायदा काय म्हणत होता? २००२ च्या कायद्याच्या २८ व्या कलमान्वयें अधिक दिलेली रक्कम वसूल करण्याचा अधिकार खात्याला होता. चूक कोणाची, हा भेद त्या कलमांत केलेला नव्हता. त्याच देशांत सामाजिक साहाय्याच्या इतर रकमांना मात्र १९९२ च्या कायद्याची वेगळी कसोटी लागूं होती. घेणाऱ्यानें खोटी माहिती दिली किंवा आवश्यक तें सांगितलें नाहीं, तरच वसुली. सरकारी चुकीबद्दल वसुली नाहीं. २०१० सालीं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें असाही निर्णय दिला कीं, ही कसोटी डावलून सर्वसाधारण कायद्याच्या आधारें सरकारला अशा रकमा परत मागतां येणार नाहींत. म्हणजे एकाच घरांत येणाऱ्या दोन सरकारी रकमांना दोन न्याय.

कायद्यांतील हा कठोरपणा सौम्य करण्यासाठीं खात्यानें स्वतःचा एक नियमसंग्रह केला होता. "कोड ऑफ प्रॅक्टिस २६" या नांवानें तो सर्वत्र ओळखला जाई. त्यांतील मूळचा नियम असा : अधिक भरणा खात्याच्या चुकीनें झाला असेल, आणि आपणांस मिळणारी रक्कम बरोबर आहे असें घेणाऱ्याला सकारण वाटणें शक्य असेल, तर वसुली करूं नये. नियम दिसावयास उदार. पण त्याचा उपयोग अवघड. खात्याकडून येणारे निर्णयपत्र इतके क्लिष्ट असत कीं, त्यांवरून रक्कम कशी निघाली हें सामान्य माणसाला उमगणें कठीण, आणि तेंच पत्र पुढें करून खातें म्हणे, "चूक तुमच्या ध्यानांत यावयास हवी होती."

पार्लमेंटच्या तक्रारनिवारण अधिकारी ॲन अब्राहम यांनीं जून २००५ मध्यें या विषयावर स्वतंत्र अहवाल सादर केला, आणि ऑक्टोबर २००७ मध्यें दुसरा. वसुलीची कसोटी इतर साहाय्यांप्रमाणें कायद्यांतच घालावी आणि तिच्याविरुद्ध स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क द्यावा, ही त्यांची सूचना महत्त्वाची होती. ती कायद्यांत उतरली नाहीं. सरकारनें दुसऱ्या वाटेनें डागडुजी केली. वर्षांत मिळकत वाढली तरी पूर्वीं २,५०० पौंडांपर्यंतचीच वाढ हिशेबांत धरली जात नसे. ती मर्यादा २००६ पासून २५,००० पौंड केली. त्यामुळें अधिक भरणा पुष्कळ घटला. पण पुढें काटकसरीचे दिवस आले, मर्यादा पायरीपायरीनें खालीं आली, आणि २०१६ मध्यें पुन्हा २,५०० वर येऊन ठेपली.

२००८ च्या जानेवारींत नियमसंग्रहाची कसोटीही बदलली. "काय वाटलें असावें" हा प्रश्न जाऊन "कोणीं आपलें कर्तव्य केलें" हा प्रश्न आला. खात्याचें कर्तव्य : बरोबर सल्ला देणें, दिलेली माहिती बिनचूक नोंदविणें, चूक कळल्यावर ती दुरुस्त करून योग्य तें पत्र पाठविणें. घेणाऱ्याचें कर्तव्य : खरी माहिती देणें, बदल मुदतींत कळविणें, पत्र आल्यापासून तीस दिवसांत तें ताडून पाहून चूक दाखविणें, आणि पत्रांतील रक्कम व बँकेंतील रक्कम जुळते कीं नाहीं हें पाहणें. घेणाऱ्यानें आपलें सारें केलें आणि खात्यानें केलें नाहीं, तर वसुली नाहीं. चूक दाखवूनही खात्यानें तीस दिवसांत ती दुरुस्त केली नाहीं, तर त्या तीस दिवसांपुढील अधिक भरणा परत द्यावा लागत नसे. वरील उदाहरणांतील बाईनें पत्र येतांच तीस दिवसांत चूक दाखविली असती आणि तसें तिला सिद्ध करतां आलें असतें, तर १,२०० पौंडांच्या जागीं थोड्या आठवड्यांचीच रक्कम तिच्या अंगावर राहिली असती.

"सिद्ध करतां आलें असतें तर", या शब्दांतच सर्व कांहीं आलें. म्हणून तेथील जाणते सल्लागार लोकांना नेहमीं सांगत : दूरध्वनि केला तर तारीख, वेळ व बोलणाऱ्या कारकुनाचें नांव त्याच क्षणीं लिहून ठेवा, पत्राची नक्कल ठेवा, टपालाची पावती जपा. खात्याच्या दप्तरीं असलेल्या आपल्या नोंदी व संभाषणांचीं ध्वनिमुद्रणें मागण्याचा हक्कही कायद्यानें दिलेला होता, आणि पुष्कळ प्रकरणें त्या ध्वनिमुद्रणांनींच सुटलीं. दोन तक्रारींतील भेद ओळखणेंही अगत्याचें होतें. "रकमेचा हिशेबच चुकला आहे" अशी तक्रार असेल, तर न्यायाधिकरणाकडे अपील करतां येई. "हिशेब बरोबर असेल, पण चूक तुमची असल्यामुळें वसुली करूं नका" अशी तक्रार असेल, तर अपील नाहीं. खात्याच्याच नमुन्यावर हरकत लिहावयाची, मग तक्रार, मग ॲडज्युडिकेटर नांवाचा निवाडाधिकारी, आणि शेवटीं आपल्या पार्लमेंटच्या सभासदामार्फत तक्रारनिवारण अधिकारी. चुकीच्या दारावर थाप मारली कीं अपिलाची मुदत निघून जाई.

सरकारच्या बाजूनेंही कांहीं बोलण्यासारखें होतें, आणि तें ऐकून घेतलेंच पाहिजे. तिजोरींतील द्रव्य सर्वांचें आहे. शेजारच्या घरीं बरोबर रक्कम आली आणि या घरीं अधिक आली. ती येथेंच राहूं दिली, तर शेजाऱ्यावर अन्याय होतो. प्रत्येक चुकीची पूर्ण माफी द्यावयाची म्हटली, तर खोटी चूक रचणारेही निघतील. हा युक्तिवाद खोटा नाहीं. परंतु तो अर्धा आहे. घेणाऱ्यानें त्या रकमेवर विसंबून संसार आंखलेला असतो. चूक टाळण्याचीं साधनें ज्याच्या हातीं, त्यानें तिचा भार कांहीं तरी उचलावा, नाहीं तर चुका कमी करण्याची त्याला गरजच उरत नाहीं.

चुकांचा धनी कोण हें ठरलेलें नसलें म्हणजे काय होतें, याचा प्रत्यय पुढें आला. २०१४ मध्यें तपासणीचें काम काँसेन्ट्रिक्स या खाजगी कंपनीकडे सोंपविण्यांत आलें. एकट्या राहणाऱ्या पुष्कळ मातांवर "तुमच्या घरीं पुरुष राहतो" असा संशय घेऊन त्यांचें साहाय्य थांबविलें गेलें. एका तरुण मातेचा तथाकथित जोडीदार निघाला "आर. एस. मॅकॉल", आणि तें तर स्कॉटलंडांतील वर्तमानपत्रें विकणाऱ्या दुकानांच्या साखळीचें नांव! पार्लमेंटांत ओरड झाली आणि २०१६ च्या नोव्हेंबरांत तें कंत्राट संपविण्यांत आलें.

५ एप्रिल २०२५ रोजीं टॅक्स क्रेडिटची योजना बंद झाली. तिच्या जागीं युनिव्हर्सल क्रेडिट आलें. जुनीं कर्जें मात्र योजनेबरोबर संपलीं नाहींत. तीं श्रम व निवृत्तिवेतन खात्याकडे वर्ग झालीं आणि नव्या साहाय्याच्या हप्त्यांतून कापलीं जाऊं लागलीं. आणि २०१२ च्या कायद्यानें या नव्या साहाय्यांत सरकारी चुकीनें झालेला अधिक भरणाही वसूल करण्याची मुभा दिली आहे. माफी देणें न देणें हें खात्याच्या मर्जीवर. १९९२ चें संरक्षण तेवढ्यापुरतें मावळलें.

हा रोग एकट्या ब्रिटनचा नाहीं. नेदरलंड्समध्यें पाळणाघराच्या साहाय्याबाबत क्षुल्लक चुकांवरून हजारों पालकांकडून वर्षांचीं साहाय्यें परत मागितलीं गेलीं. त्या प्रकरणीं मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळानें १५ जानेवारी २०२१ रोजीं राजीनामा दिला. ऑस्ट्रेलियांत वर्षाच्या मिळकतीची सरासरी काढून यंत्राकरवीं काढलेलीं कर्जें बेकायदेशीर ठरलीं, आणि २०२३ सालीं तेथील शाही आयोगानें त्या योजनेवर कडक ताशेरे ओढले. भारतांत सरकारी नोकरांना चुकून अधिक गेलेल्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला तेव्हां, १८ डिसेंबर २०१४ च्या पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या निर्णयांत न्यायालयानें वसुलीला स्पष्ट मर्यादा घातल्या : तृतीय व चतुर्थ श्रेणींतील नोकर, निवृत्त झालेले किंवा वर्षभरांत होणारे, आणि पांच वर्षांहून अधिक काळ चुकीची रक्कम मिळत आलेले, यांच्याकडून वसुली करूं नये. वसुलीनें होणारा जाच मालकाच्या परत मागण्याच्या हक्कापेक्षां भारी होतो काय, हें न्यायालयानें तोलून पाहिलें.

हें तोलून पाहणेंच ब्रिटनच्या योजनेंत कायद्याच्या हातून निसटलें होतें. देणारा, हिशेबनीस आणि न्यायाधीश या तिन्ही खुर्च्यांवर एकच खातें बसलें म्हणजे समोरच्या माणसाजवळ उरतो तो फक्त कागद. तो कागद जपणें हें नागरिकाचें काम. आणि त्या कागदाला मान देणारा, खात्याहून वेगळा असा कोणी तरी पंच नेमणें हें कायदा करणाऱ्यांचें काम. चूकभूल द्यावयाची आणि घ्यावयाची असते. जेथें ती नुसती घेतली जाते आणि कधीं दिली जात नाहीं, तेथें व्यापाऱ्याच्या त्या चार अक्षरांतील निम्मींच खरीं ठरतात.