विद्यापीठातले ज्ञान आपल्या वस्तीत यावे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपण सोपाऱ्याच्या परिसरात राहतो. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा इथे १८८२ साली सापडला. तो प्राकृतात आहे, म्हणजे सामान्य माणसांच्या बोलीत. ज्ञान लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत न्यावे, ही रीत आपल्याच मातीतली आहे. मग आजच्या विद्यापीठांतले संशोधन आपल्या घरापर्यंत येते का?

एकच उदाहरण सांगतो. लग्न ठरायची वेळ आली, की अजूनही आपल्यातली काही मंडळी गुपचूप पत्रिका दाखवून येतात. पत्रिकेवरून खरेच काही कळते का, याची परीक्षा पुण्यात झाली. डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका तयार केल्या. १०० मुले अभ्यासात हुशार, १०० मतिमंद. २००८ साली ज्योतिषांना जाहीर आवाहन केले : प्रत्येकी ४० पत्रिका घ्या, कोणती कुणाची एवढेच सांगा. ५१ जणांनी पत्रिका नेल्या, २७ जणांनी उत्तरे दिली. सरासरी ४६ टक्के बरोबर! अहो, नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती.

हा निबंध २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये इंग्रजीत छापून आला. तो आपल्या आयाबहिणींनी कुठे वाचायचा? म्हणून मराठीत सांगणारा माणूस लागतो. नारळीकर सरांनी ते काम जन्मभर केले. त्यांच्या 'आयुका' संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारी व्याख्याने होत, विज्ञान दिनी सर्वांना दार उघडे असे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ पासून 'चाय अँड व्हाय' सुरू केले. शास्त्रज्ञ लोकांत येऊन बोलतात, लोक प्रश्न विचारतात.

दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. लोकांना विचार करायला शिकवणे किती अवघड काम आहे, ते यावरून समजावे.

भगवंतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे. या आणि स्वतः पाहा! विद्यापीठे आपल्या करातून चालतात, तेव्हा मागणे हा आपला हक्क आहे. समितीला माझी विनंती आहे, की दर २८ फेब्रुवारीला एका प्राध्यापकांना विहारात बोलवावे. त्यांनी मराठीत सांगावे आणि आपल्या मुलींनी, मुलांनी न घाबरता प्रश्न विचारावेत.